बँक ऑफ बॉम्बेचे पतन (१८६३–१८६८) : कायदा, कारभार आणि विश्वास

प्रस्तावना

भारतातील कंपनी कायद्याचा इतिहास महाविद्यालयीन अभ्यासक्रमात बहुधा सनावळीच्या रूपाने शिकविला जातो. १८५०, १८५७, १८६०, १८६६, १८८२, १९१३, १९५६ आणि २०१३ ही वर्षे वाणिज्य व विधी शाखांचे विद्यार्थी पाठ करतात. परंतु एक कायदा अपुरा ठरून दुसरा का करावा लागला, या प्रश्नाचे उत्तर त्या सनावळीत सापडत नाही. ते शोधण्यासाठी कायद्याच्या ग्रंथांबरोबरच बँकांच्या खतावण्या आणि चौकशी आयोगांचे अहवाल पाहावे लागतात. या दृष्टीने अभ्यासण्यासारखी पहिली मोठी भारतीय घटना म्हणजे मुंबईच्या ‘बँक ऑफ बॉम्बे’चे पतन होय.

ही घटना मुंबईच्या इतिहासात ‘शेअर मेनिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सट्टेबाजीचा एक भाग म्हणून सांगितली जाते. अमेरिकेतील यादवी युद्ध, कापसाचे चढे भाव, प्रेमचंद रायचंद यांचा उत्कर्ष, बॅकबे कंपनीचे शेअर आणि १ जुलै १८६५ चा काळा दिवस, असा या कथेचा ठरलेला क्रम आहे. ही कथा खोटी नाही. सर दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये मुंबईच्या आर्थिक इतिहासातील या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा त्या दिवसांच्या आठवणी बाळगणारी माणसे शहरात हयात होती. तथापि, या कथेत पतनाचे कारण म्हणून माणसाची हाव पुढे येते आणि कायदा मागे राहतो. हाव प्रत्येक काळात असते. प्रत्येक काळात बँका बुडत नाहीत. म्हणूनच, जी बँक सुमारे पाव शतक सुरक्षितपणे चालली, ती अवघ्या पाच वर्षांत कशी बुडाली, असा प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार कंपनी कायदा आणि कंपनीचा कारभार या दोन्ही अंगांनी केला आहे.

सनदेची बँक

बँक ऑफ बॉम्बेची स्थापना १८४० मध्ये झाली. कलकत्त्याची बँक ऑफ बेंगॉल तिच्या आधीची आणि मद्रासची बँक १८४३ ची. या तीन बँका ‘इलाखा बँका’ म्हणून ओळखल्या जात. त्या सर्वसाधारण अर्थाने खाजगी नव्हत्या व पूर्णतः सरकारीही नव्हत्या. बँक ऑफ बॉम्बेचे मूळ भांडवल ५२.२५ लाख रुपये होते व त्यापैकी ३ लाख रुपयांचे भाग सरकारचे होते. नऊ संचालकांपैकी तीन सरकार नेमत असे. बँकेला नोटा काढण्याचा अधिकार होता आणि तिचे अस्तित्व सर्वसाधारण कंपनी कायद्यावर नव्हे, तर स्वतंत्र सनदी कायद्यावर आधारलेले होते.

या सनदेचा गाभा अधिकारांत नव्हता, निर्बंधांत होता. कर्जाची मुदत अल्प, साधारणतः तीन महिन्यांपर्यंत असे. तारण म्हणून सरकारी रोखे, सोनेचांदी किंवा नाशवंत नसलेला माल चाले. स्थावर मालमत्तेवर दीर्घ मुदतीचे कर्ज देता येत नसे आणि एका ऋणकोला द्यावयाच्या रकमेवर मर्यादा असे. व्यापाऱ्यांना हे निर्बंध जाचक वाटत. पण याच निर्बंधांमुळे बँकेचा चिटणीस किंवा संचालक कितीही आशावादी असला तरी त्याच्या आशावादाला कायद्याची वेस होती. ठेवीदाराला संचालकांच्या शहाणपणावर विसंबून राहण्याची गरज फारशी नव्हती. त्यांच्या हातून होऊ शकणाऱ्या चुकांचा आकारच सनदेने लहान ठेवला होता.

मर्यादित दायित्वाचे आगमन

याच सुमारास कंपनी कायद्याची सर्वसाधारण चौकट वेगाने बदलत होती. १८५० च्या ४३ व्या कायद्याने संयुक्त भांडवली कंपन्यांना कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील सर्वोच्च न्यायालयांत नोंदणी करण्याची सोय दिली. परंतु भागधारकांचे दायित्व अमर्यादच राहिले. कंपनी बुडाल्यास भागधारकाच्या घरादारापर्यंत धनको पोहोचू शके. १८५७ च्या १९ व्या कायद्याने, इंग्लंडमधील १८५५ व १८५६ च्या कायद्यांच्या धर्तीवर, मर्यादित दायित्वाचे तत्त्व भारतात आणले. बँका व विमा कंपन्यांना मात्र त्यातून वगळले होते. १८६० च्या ७ व्या कायद्याने तेही बंधन दूर झाले.

मर्यादित दायित्व हा आधुनिक अर्थव्यवस्थेचा एक आधारस्तंभ आहे, यात शंका नाही. अनोळखी माणसांनी आपली बचत एकत्र आणून मोठे उद्योग उभारावेत, यासाठी त्याची गरज होती. परंतु या तत्त्वाने जोखमीची वाटणी बदलली. पूर्वी भागधारक स्वतःचे सर्वस्व पणाला लागत असल्याने कारभारावर लक्ष ठेवीत असे. आता त्याचा तोटा भरलेल्या आणि भरावयाच्या रकमेपुरता मर्यादित झाला. उरलेला तोटा धनकोंवर आणि ठेवीदारांवर गेला. जोखीम ज्याच्याकडे गेली त्याला माहिती मिळणे हा या बदलाचा न्याय्य मोबदला ठरला असता. सक्तीचे स्वतंत्र लेखापरीक्षण, माहितीपत्रकातील मजकुराची जबाबदारी, संचालकांच्या हितसंबंधांची घोषणा यांपैकी फारसे काही त्या वेळच्या भारतीय कायद्यात नव्हते. सवलत आधी आली, प्रकटीकरण पुष्कळ नंतर आले. मुंबईतील घटना या मधल्या काळात घडल्या.

१८६३ चा १० वा कायदा

इलाखा बँकांच्या सनदेत बदल होण्याचे निमित्त चलनव्यवस्थेतून आले. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानुसार नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला व १८६२ पासून बँकांचा हा लाभदायक व्यवसाय संपला. याची भरपाई म्हणून सरकारी शिलका बँकांकडे ठेवण्याची व्यवस्था झाली आणि सनदेतील निर्बंध सैल करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. बँक ऑफ बॉम्बेच्या बाबतीत ते १८६३ च्या १० व्या कायद्याने अमलात आले. या कायद्याने बँकेला संयुक्त भांडवली कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी करून दिली.

या बदलाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. निर्बंध काढण्यामागे कोणताही दुष्ट हेतू नव्हता. नोटांचे उत्पन्न गेलेल्या बँकेला दुसरे उत्पन्न हवे होते, आणि एका धोरणात्मक निर्णयाची भरपाई म्हणून दुसरा निर्णय घेतला गेला. पण भरपाई देताना सरकारने रोख रक्कम दिली नाही. सुरक्षिततेचा एक भाग देऊन टाकला. ही सुरक्षितता सरकारची एकट्याची मालमत्ता नव्हती. ती ठेवीदारांचीही होती, आणि त्यांना या देवघेवीत कोणी विचारले नाही. एवढेच नव्हे, तर सरकारी शिलका आता बँकेत असल्याने आणि संचालक मंडळात सरकारचे प्रतिनिधी असल्याने लोकांचा तिच्यावरील विश्वास उलट वाढला. निर्बंध कमी झाले त्याच वेळी विश्वास वाढला, ही विसंगती पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहे.

कापसाचा पैसा आणि कंपन्यांचे पीक

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले व उत्तरेकडील संघराज्याने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि मुंबईतून निर्यात होणाऱ्या कापसाला अनेक पटींनी अधिक भाव मिळू लागला. युद्धाच्या पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सुमारे ८ कोटी पौंड अधिक मिळाले, असा तत्कालीन अंदाज होता. मुंबईचे वर्णन करणारा गोविंद नारायण माडगांवकर यांचा मराठी ग्रंथ १८६३ मध्येच प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथातील वाढत्या शहराला पुढील दोन वर्षांत जी अर्थिक उलथापालथ पाहावी लागली, तिची कल्पना त्या वेळी कोणालाही नव्हती.

इतका पैसा गुंतविण्यास पुरेसे उद्योग शहरात नव्हते. तेव्हा पैशासाठी कंपन्या काढण्यात आल्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ भूमी-कंपन्या, कापूस दाबण्याच्या १६ कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि इतर ६२ संयुक्त भांडवली कंपन्या असल्याची नोंद आहे. यांतील ‘बॅकबे रेक्लमेशन कंपनी’ ही सर्वांत प्रसिद्ध होती. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या किनाऱ्यावर भराव घालून जमीन निर्माण करणे हा तिचा उद्देश होता. ५,००० रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. समुद्र अजून जागच्या जागी होता. जमीन कागदावर होती. भाव मात्र रोखीचा होता.

येथे बँकेचा संबंध येतो. शेअर खरेदी करणाऱ्याने ते शेअर तारण ठेवून बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून कर्ज घ्यावे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यावेत, मागणीमुळे भाव वाढावा, भाव वाढल्याने तारणाचे मूल्य वाढावे आणि वाढलेल्या तारणावर पुन्हा कर्ज मिळावे, असे हे चक्र होते. उदाहरणादाखल, ५०,००० रुपये भावाच्या शेअरवर बँकेने केवळ एक पंचमांश, म्हणजे १०,००० रुपये दिले, असे समजू. नेहमीच्या मापाने हे अत्यंत सावध कर्ज ठरेल. परंतु तेजी ओसरल्यावर बॅकबेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली गेला. म्हणजे ‘सावध’ कर्जापैकी ८,००० रुपये उघडे पडले. ऋणकोची इतर मालमत्ताही अशाच शेअरांत असल्याने वसुलीला दुसरा आधार नव्हता. शेअरच्या तारणावरील कर्जाचा धोका तारणाच्या टक्केवारीत नसतो. बँकेचाच पैसा ज्या भावाला फुगवतो, तोच भाव बँक तारणाचे माप म्हणून वापरते, हे त्या धोक्याचे मूळ होय.

प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे या व्यवहारांचे केंद्र होते. सुरतेहून आलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या या दलालाचा शब्द अनेक कंपन्यांच्या शेअरवाटपात निर्णायक ठरे आणि बँक ऑफ बॉम्बेच्या व्यवस्थापनावरही त्यांचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या दातृत्वाच्या खुणा आजही उभ्या आहेत. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी दिलेल्या त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. मात्र एका व्यक्तीला खलनायक ठरवून हा इतिहास संपविणे योग्य नाही. एखादा दलाल बँकेवर एवढा प्रभाव गाजवू शकतो, ही वस्तुस्थिती दलालाविषयी जितके सांगते त्याहून अधिक त्या बँकेच्या कारभाराविषयी सांगते. याच काळात बँकेचे भांडवल ५२.२५ लाखांवरून २०९ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. भांडवल चौपट झाले. देखरेखीच्या व्यवस्थेत मात्र त्या प्रमाणात काहीही भर पडली नाही.

१ जुलै १८६५

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईत पोचताच कापसाचे भाव कोसळले व त्यापाठोपाठ शेअरांचेही. असंख्य मुदतीच्या सौद्यांची पूर्तता १ जुलै १८६५ रोजी व्हावयाची होती. त्या दिवशी विकणाऱ्याकडे शेअर होते, पण घेणाऱ्याकडे पैसे नव्हते. पेढ्यांमागून पेढ्यांनी दिवाळे जाहीर केले. ज्याला येणे होते तोच दुसऱ्याचे देणे लागत असल्याने एकाच्या नादारीने दुसऱ्याची नादारी ओढवली. सट्टेबाजीशी व्यावसायिक संबंध नसलेले लोकही यात होरपळले. प्राच्यविद्या आणि वैद्यक या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळविलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांची संपत्ती याच काळात गेली. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर तेजीत २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकण्याची पाळी आली.

बँक लगेच बंद पडली नाही. ती आणखी अडीच वर्षे तग धरून होती. दरम्यान मे १८६६ मध्ये लंडनची ‘ओव्हरेंड, गर्नी’ ही पेढी बुडाली. आदल्याच वर्षी तिचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले होते. त्या वर्षीच्या अरिष्टात मुंबईशी निगडित ‘एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन’ही कोसळली. अखेर १८६८ च्या आरंभी जुनी बँक ऑफ बॉम्बे विसर्जित करण्यात आली व त्याच नावाची नवी बँक स्थापन झाली. २०९ लाखांच्या भांडवलाचा बहुतांश भाग नाहीसा झाला होता.

जॅक्सन आयोग आणि जबाबदारीचा प्रश्न

या पतनाचे पडसाद लंडनपर्यंत उमटले आणि १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगाने १८६९ मध्ये अहवाल दिला. त्याच्या निष्कर्षांचा आशय तीन मुद्द्यांत मांडता येतो. पहिला म्हणजे, १८६३ च्या कायद्याने जुन्या सनदेतील निर्बंध काढून टाकले व असुरक्षित स्वरूपाचा व्यवसाय करण्याची मोकळीक दिली. दुसरा, त्या कायद्याने मिळालेल्या अधिकारांचा बँकेच्या चिटणिसांनी दुरुपयोग केला. तिसरा, संचालकांनी आपल्या कर्तव्याकडे दुर्लक्ष केले. असाधारण काळाचाही आयोगाने उल्लेख केला. परंतु काळाला दोष देऊन तो थांबला नाही, हे महत्त्वाचे आहे.

यांतील पहिला मुद्दा एकटा पुरेसा आहे का, याची तपासणी करण्याचे एक साधन इतिहासाने उपलब्ध करून दिले आहे. नोटांचा अधिकार गमावलेल्या बँक ऑफ बेंगॉलची सनदही त्याच सुमारास सैल करण्यात आली होती. तरीही बंगाल आणि मद्रास येथील बँका तगल्या. कलकत्त्यात मुंबईइतका कापसाचा पैसा नव्हता, हे या फरकाचे एक कारण निश्चितच आहे. परंतु मिळालेला अधिकार वापरलाच पाहिजे असे नसते, आणि तो किती वापरावा हे ठरविणारी यंत्रणा म्हणजेच कंपनीचा कारभार. कायद्याने दार उघडले. दारातून कोणाला आत घ्यावयाचे हे मुंबईत चिटणीस ठरवू लागले आणि संचालक मंडळाने ते पाहिले नाही.

संचालकांनी ते का पाहिले नाही, हा प्रश्न अधिक अवघड आहे. व्यापारी संचालक स्वतः याच बाजारात व्यवहार करीत होते. ज्या कंपन्यांच्या शेअरांवर बँक कर्ज देत होती, त्या कंपन्यांच्या भरभराटीत शहरातील बहुतेक प्रतिष्ठितांचे हित गुंतलेले होते. सरकारनियुक्त संचालकांची अडचण वेगळी होती. ते नेमके कोणाचे विश्वस्त होते? सरकारी भागभांडवलाचे, सरकारी शिलकेचे, की सर्व ठेवीदारांचे? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर कायद्यात नव्हते. जनतेच्या दृष्टीने मात्र त्यांची उपस्थिती हीच हमी होती. ज्याला जबाबदारी नाही पण ज्याच्या नावावर विश्वास आहे, असा संचालक बँकेला सुरक्षित करीत नाही. तो धोका झाकतो. आज ‘स्वतंत्र संचालक’ या संकल्पनेवर होणाऱ्या चर्चेचा हा पहिला भारतीय धडा म्हणता येईल.

या ठिकाणी एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. मर्यादित दायित्वामुळेच बेफिकिरी वाढली, असे काहींचे म्हणणे असते. याला ब्रिटनमधील ‘सिटी ऑफ ग्लासगो बँके’चे उदाहरण उत्तर देते. ही बँक १८७८ मध्ये बुडाली तेव्हा तिच्या भागधारकांचे दायित्व अमर्याद होते. सर्वस्व पणाला लागलेले असूनही भागधारकांना खोटे ताळेबंद ओळखता आले नाहीत आणि त्यांतील बहुसंख्य देशोधडीला लागले. यावरून दिसते की दायित्व मर्यादित की अमर्याद, हा मुख्य प्रश्न नव्हता. ज्याचा पैसा आहे त्याला खरा हिशेब दिसतो की नाही, हा होता.

कायद्याचा प्रतिसाद

संकटानंतर कायद्याचे तीन प्रतिसाद विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला, १८६५ चा मुंबई कायदा क्र. ३. पैजेचे करार १८४८ च्या कायद्याने आधीच निरर्थक ठरविले होते. मुंबईच्या कायद्याने त्यांना पूरक असलेले करारही निरर्थक ठरविले. त्यामुळे पैजेच्या स्वरूपाच्या सौद्यांवरील दलालाची मागणी न्यायालयात टिकेनाशी झाली. उर्वरित भारतात असे पूरक करार वैध राहिले. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख खटल्यातही नोंदविला आहे. एका प्रांताच्या करारविषयक कायद्यातील वेगळेपण शतकाहून अधिक काळ टिकून राहिले, ही लक्षणीय बाब आहे.

दुसरा प्रतिसाद म्हणजे १८६६ चा १० वा कायदा. इंग्लंडच्या १८६२ च्या कायद्याच्या धर्तीवर त्याने कंपन्यांची स्थापना, व्यवस्थापन व विसर्जन यांविषयीच्या तरतुदी एकत्र केल्या. बुडालेल्या कंपन्यांचे विसर्जन हा त्या वेळी मुंबईत रोजचा विषय असल्याने या तरतुदींची निकड सहज समजते.

तिसरा व सर्वांत दूरगामी प्रतिसाद म्हणजे १ मे १८७६ पासून अमलात आलेला इलाखा बँका कायदा. त्याने तिन्ही बँकांना एका कायद्याखाली आणले व त्यांच्या व्यवसायावर पुन्हा कठोर निर्बंध घातले. कर्जाची मुदत, तारणाचे प्रकार, स्थावर मालमत्तेवरील कर्ज या सर्व बाबतींत कायदा जुन्या सनदेच्या वळणावर परतला. १८६३ मध्ये जे जाचक म्हणून काढले होते, ते तेरा वर्षांनी आवश्यक म्हणून परत आले. त्याच वेळी सरकारने बँकांतील आपली मालकी संपुष्टात आणली आणि संचालक नेमणे बंद केले. ठरावीक रकमेहून अधिक सरकारी शिलका स्वतंत्र राखीव कोषागारांत ठेवण्यात येऊ लागल्या.

या अखेरच्या निर्णयातील तर्क तपासून पाहण्याजोगा आहे. देखरेख अपुरी ठरली, तेव्हा ती सक्षम करण्याऐवजी सरकारने आपले नाव व आपला पैसा मागे घेतला. सरकारी पैसा सुरक्षित झाला. परंतु सनदी बँकांच्या बाहेर सर्वसाधारण कंपनी कायद्याखाली निघणाऱ्या बँकांच्या ठेवीदारांसाठी यातून काहीच निष्पन्न झाले नाही.

पतनाची दीर्घकालीन किंमत

बँक ऑफ बॉम्बेच्या पतनाची किंमत साधारणतः बुडालेल्या भांडवलात मोजली जाते. दुसरी किंमत अधिक मोठी असावी. १८७६ नंतर इलाखा बँका व्यापारी हुंड्या, सरकारी रोखे आणि अल्प मुदतीचे कर्ज यांपुरत्या मर्यादित राहिल्या. सुरक्षितता मिळाली, पण उद्योगांना लागणारे दीर्घ मुदतीचे भांडवल या सर्वांत मोठ्या बँकांकडून मिळण्याची शक्यता उरली नाही. मुंबई व अहमदाबाद येथील कापड गिरण्या लोकांकडून थेट घेतलेल्या ठेवींवर आणि मॅनेजिंग एजंटांच्या पतीवर अवलंबून राहिल्या. ज्या मॅनेजिंग एजन्सी पद्धतीच्या दोषांवर १९३६ च्या दुरुस्तीने आणि १९५६ च्या कायद्याने नियंत्रणे आणली, ती पद्धत इतकी बळावण्यास औद्योगिक पतपुरवठ्यातील ही पोकळी काही अंशी कारणीभूत होती. १९१६–१८ च्या औद्योगिक आयोगालाही उद्योगांसाठी बँकिंग सुविधांच्या अभावाची दखल घ्यावी लागली. एका बँकेच्या बेफिकीर कर्जामुळे पुढील अर्धशतक सर्व सनदी बँका अतिसावध राहिल्या आणि त्याचा भार ज्यांनी १८६५ मध्ये सट्टा केला नव्हता अशा उद्योजकांवर पडला.

दुसऱ्या बाजूला, नियंत्रण नसलेल्या बँकांत तोच दोष पुन्हा प्रकटला. नोव्हेंबर १९१३ मध्ये मुंबईची ‘इंडियन स्पेसी बँक’ चांदीच्या सट्ट्यामुळे बुडाली. त्याच वर्षी संमत झालेल्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षण सक्तीचे केले. पण बँकांसाठी स्वतंत्र व सर्वंकष कायदा येण्यास १९४९ साल उजाडले. त्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २० ने बँकेला स्वतःच्याच शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास मनाई केली आणि संचालकांशी संबंधित कर्जांवर निर्बंध घातले. हे कलम वाचताना १८६३–६५ ची मुंबई डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही.

तरीही बँकेचा पैसा आणि शेअरबाजार यांमधील वाट पूर्णपणे बंद झाली नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँकांचा पैसा दलालांमार्फत शेअरबाजारात गेला. पुरेसे रोखे हाती नसताना बँक पावत्या देणाऱ्या संस्थांत महाराष्ट्रातील ‘बँक ऑफ कराड’ होती, आणि ती बँक त्यातून सावरली नाही. २००१ मध्ये माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेने शेअर दलालांना मर्यादेबाहेर दिलेली कर्जे उघडकीस आली. साधने बदलली होती. १८६५ मध्ये शेअर प्रमाणपत्र होते, १९९२ मध्ये बँक पावती होती. पण कर्ज देणारा अधिकारी, कर्ज घेणारा दलाल आणि न पाहणारे संचालक मंडळ हा त्रिकोण तोच होता. सेबीला १९९२ मध्ये मिळालेला वैधानिक दर्जा, २००० मधील सूचीकरण करारातील कलम ४९ आणि २००९ च्या सत्यम प्रकरणानंतर आलेला २०१३ चा कंपनी कायदा यांमुळे प्रकटीकरण व संचालकांची कर्तव्ये यांना कायद्यात निश्चित रूप मिळाले. १८६० मध्ये मर्यादित दायित्वाबरोबर जे यावयास हवे होते, ते दीड शतकाच्या अंतराने पूर्ण होत गेले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. बँक ऑफ बॉम्बेचे पतन हे कापसाच्या तेजीचे अपरिहार्य फळ नव्हते. भरपाईच्या विचाराने सैल केलेली सनद, चिटणिसांच्या हाती एकवटलेला अधिकार आणि आपले कर्तव्य नेमके कोणाप्रती आहे हे न जाणणारे संचालक या तिन्हींच्या संयोगाने तेजीचे रूपांतर पतनात झाले. यांपैकी एखादा घटक जरी वेगळा असता, तरी बँकेला तोटा झाला असता. पण ती बुडालीच असती असे म्हणता येत नाही.

दुसरे असे की, कायद्यातील प्रत्येक निर्बंधामागे एखाद्या जुन्या नुकसानीची आठवण असते. ती आठवण पुसली गेली की निर्बंध निरर्थक व जाचक वाटू लागतो आणि काढून टाकला जातो. १८६३ मध्ये नेमके हेच घडले. निर्बंध कधीच काढू नयेत, असा याचा अर्थ नाही. १८७६ नंतरच्या अतिसावधपणाचीही किंमत देशाने मोजली आहे. परंतु निर्बंध काढताना त्याच्या जागी कोणाची देखरेख येणार आणि त्या देखरेखीचा जाब कोण विचारणार, हे त्याच कायद्यात लिहिले गेले पाहिजे.

बँक ऑफ बॉम्बेची वारसदार असलेली नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि इंपीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक झाली. ज्या तारखेला मुंबईचा बाजार कोसळला होता, त्याच तारखेला नव्वद वर्षांनी देशातील सर्वांत मोठी सार्वजनिक बँक अस्तित्वात आली. हा योगायोगच होय. मात्र त्या दोन तारखांमधील नव्वद वर्षे हा योगायोग नाही. ठेवीदाराचा विश्वास नावावर नव्हे, तर तपासता येणाऱ्या हिशेबावर उभा असावा, हे तत्त्व कायद्यात उतरविण्यासाठी लागलेला तो काळ आहे. कंपनी कायदा शिकविताना सनावळीबरोबर हा इतिहासही विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर कलमांमागील कारणे त्यांना कळतील आणि एखादे कलम सैल करण्याचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा नेमका कोणता प्रश्न विचारावयाचा, हेही त्यांना ठाऊक असेल.